काचेला चिकटलेल्या पेशी

मुलीने डॉक्टर व्हावे आणि लग्नही डॉक्टरशीच करावे, अशी फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या वडिलांची इच्छा होती. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ यांनी दोन्ही टाळले. त्या पेशीविज्ञानाकडे वळल्या आणि लग्न केले ते गणितज्ञाशी. वैद्यकाचा त्यात फायदाच झाला.

डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबईत पीएच.डी. मिळवली. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या कर्करोगाच्या ‘हेला’ पेशी १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत शरीराबाहेर वाढत्या ठेवल्या गेल्या. रणदिवे परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

हे काम चिकाटीचे. पोषक द्रवात, ३७ अंशांवर पेशी जगवायच्या. जंतू शिरले की सारी मेहनत वाया. निरोगी पेशी काचेला चिकटून एका थरात पसरतात आणि शेजारणीला टेकल्या की थांबतात. कर्करोगाच्या पेशी मात्र एकमेकींवर चढत राहतात. पेशींना धरून ठेवणारी प्रथिने त्यांच्या पृष्ठभागावर असतात. ही पकड सुटली की पेशी रक्तातून निघते आणि फुप्फुसात किंवा हाडात पुन्हा चिकटते. रुग्णाचा जीव बहुतेक वेळा मूळ गाठीपेक्षा या पसरण्यानेच जातो. आपल्याच पेशी तयार करतात तो नायट्रिक ऑक्साइड वायू या प्रथिनांवर काय परिणाम करतो, हे आज अशाच संवर्धित पेशींवर तपासले जाते. त्याचे उत्तर सरळ नाही. वायूचे प्रमाण बदलले की परिणामही बदलतो.

रणदिवे यांचा स्वतःचा भर स्तनाच्या कर्करोगावर होता. संप्रेरके, विषाणू आणि आनुवंशिकता यांचा त्याच्याशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवर अभ्यासला. १९६६ ते १९७० या काळात केंद्राची धुरा त्यांच्याकडे होती. १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चालले असते. पण त्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात पोहोचल्या. सत्यनिकेतन संस्थेच्या साथीने त्यांनी आदिवासी मुलांच्या कुपोषणाची माहिती गोळा केली. गावातल्या बायकांना आरोग्यसेविकेचे काम शिकवले, आहाराचे धडे दिले. इथे सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. मुलाच्या दंडाकडे पाहिले तरी पुरे होते.