चांदीची बॅट

सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात चांदीच्या एका बॅटीचे स्मरण करावे, असे आम्हांस वाटले. ती ज्यांना लाभली ते कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच क्रिकेटरसिकांचे सी. के.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे तेलुगूभाषक; परंतु बालपण, शिक्षण आणि खेळाचे पहिले धडे नागपूरचेच. पुढे तुकोजीराव होळकरांच्या निमंत्रणावरून ते इंदूरला गेले, होळकरांच्या सैन्यात अधिकारी झाले आणि इंदूरकर होऊन राहिले.

१९२६ साली आर्थर गिलिगन यांचा एम.सी.सी. संघ हिंदुस्थानात आला. मुंबईत जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाशी त्याची गाठ पडली. पाहुण्यांच्या गाय अर्ल यांनी षट्कारांची बरसात करून शतक ठोकले होते. सी. के. यांनी त्याला आपल्या बॅटीनेच उत्तर दिले. दोन तासांच्या आत १५३ धावा, त्यांत ११ षट्कार आणि १३ चौकार! एक चेंडू तर थेट जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. या खेळीचा गौरव म्हणून एम.सी.सी.ने त्यांना चांदीची बॅट अर्पण केली.

परंतु चांदीहून मोलाचे काही त्या दौऱ्यातून देशाला मिळाले. हा देश कसोटी क्रिकेटच्या योग्यतेचा आहे, अशी गिलिगन यांची खात्री पटली. १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज. पण त्यांनी खेळातील अधिकार ओळखून स्वतः बाजूस राहणे पसंत केले. उपकर्णधार जायबंदी होते. नेतृत्व सी. के. यांच्याकडे आले. क्षेत्ररक्षण करताना हात दुखावला असूनही पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या.

पुढे त्यांनी होळकर संघाला रणजी करंडक जिंकून दिला, आणि साठी ओलांडल्यावरही ते उत्तर प्रदेशाकडून त्या स्पर्धेत उतरले. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाच्या करंडकासाठी आज चंदीगडचे तरुणही खेळतात. त्यांत आपली मुले दिसली, तर आम्हांस नवल वाटणार नाही. जन्मगाव, मातृभाषा आणि कर्मभूमी तिन्ही वेगळी असूनही कर्तृत्वाच्या बळावर माणूस सर्वांचा होतो, हेच सी. के. यांनी दाखवून दिले. घरापासून दूर वसलेल्या आपणांस याहून मोठा दिलासा कोणता?