लोकशाहीर अण्णाभाऊ साठे

काशीत राहणाऱ्या आम्हां महाराष्ट्रीयांस मणिकर्णिकेचा घाट नित्याचा आहे. चिता विझल्यावर गंगेच्या पाण्यात उभे राहून राख चाळणारी, सोन्याचा कण शोधणारी माणसे आम्ही कितीदा तरी पाहिली आणि दृष्टी वळवून पुढे गेलो. अण्णाभाऊंची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचली, तेव्हापासून मात्र तसे जाणे कठीण झाले. म्हणून हा अल्पचरित्राचा प्रपंच.

अण्णाभाऊंचे मूळ नाव तुकाराम. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावी, एका मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा लाभली ती जेमतेम दीड दिवस. बालवयातच वडिलांसमवेत पायी चालत त्यांनी मुंबई गाठली. कोळसे वेचले, हमाली केली, गिरणीत राबले. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या वाचून. आमच्यासारख्या पदवीधरांनी येथे क्षणभर थांबावे.

१९४४ साली अमरशेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाचे लोकनाट्य झाले आणि गिरणगावातला कामगार रंगमंचावर आपलेच जिणे पाहू लागला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर त्यांची शाहिरी घरोघर पोचली.

परंतु आमच्या मते त्यांचे खरे सामर्थ्य गद्यात आहे. उपरोक्त कथेतील भीमा हा धिप्पाड गडी मुंबईच्या उपनगरातील दगडाच्या खाणीत काम करीत असतो. खाण बंद पडते आणि पोटासाठी तो प्रेतांच्या राखेतले सोने वेचू लागतो. एके रात्री पुरलेल्या प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. पुढे ती कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. तो पहाडासारखा पुरुष लेकरासारखा रडतो. भीमाच्या हातून घडते ते किळसवाणे खरे, पण त्याच्याकडून काम हिरावले गेले नसते तर ते घडते ना, हे लेखक एका शब्दानेही समजावीत नाही.

१९५९ साली निघालेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी डॉ. आंबेडकरांस अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी रशियाचा प्रवासही घडला. तेथून परतले ते घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी झाली नव्हती. टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले ते २००२ साली.