विश्लेषण : गुराखी अमेरिकेचा नायक कसा झाला? ‘बफेलो बिल’ची खरी-खोटी कहाणी

रुंद कडांची टोपी, कमरेला पिस्तूल, गळ्यात रुमाल आणि माळरानावर उधळलेला घोडा… अमेरिका म्हटले की हे चित्र हमखास डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षातला काऊबॉय मात्र मजुरीवर गुरे हाकणारा गुराखी होता. त्याला राष्ट्रीय नायक करण्यात विल्यम फ्रेडरिक कोडी ऊर्फ ‘बफेलो बिल’ याचा वाटा फार मोठा. गंमत म्हणजे कोडीची ख्याती गुरे राखण्यातून आलेली नव्हती. तो वाटाड्या, शिकारी आणि पुढे स्वतःचीच भूमिका करणारा कलावंत होता.

खरा काऊबॉय कोण होता?

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, तेव्हा टेक्सासात गुरे अमाप होती आणि पूर्वेकडील शहरांत गोमांसाला मागणी होती. कॅन्सासपर्यंत रेल्वे पोहोचली आणि १८६७ पासून ॲबिलीन हे गुरांच्या व्यापाराचे ठाणे बनले. तेथपर्यंत शेकडो मैल कळप हाकत न्यायचे, हे काऊबॉयचे काम. दोन-तीन हजार गुरांमागे दहा-बारा माणसे असत. प्रवास काही महिन्यांचा, वाटेत धूळ, पुराच्या नद्या आणि रात्री अचानक बिथरणारे कळप. मोबदला महिन्याला साधारण २५ ते ४० डॉलर. त्यांत गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय बरेच होते. मेक्सिकन ‘वाकेरो’ तर या धंद्यातले गुरूच. लासो, रँच, रोडिओ हे शब्द त्यांच्याच स्पॅनिशमधून आले. पुढे काटेरी तारेची कुंपणे पडली, रेल्वेचे जाळे पसरले आणि १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात असंख्य गुरे दगावली. जेमतेम वीस वर्षांत हा काळ सरला.

कोडीचे बालपण कसे गेले?

कोडीचा जन्म २६ फेब्रुवारी १८४६ रोजी आयोवातील ल क्लेअरजवळ झाला. पुढे कुटुंब कॅन्सासला आले. त्या प्रदेशात गुलामगिरी असावी की नाही, यावरून तेव्हा रक्तपात सुरू होता. गुलामगिरीच्या प्रसाराविरुद्ध जाहीरपणे बोलल्याबद्दल वडील आयझॅक यांना १८५४ मध्ये भर सभेत भोसकण्यात आले. ते त्या वेळी वाचले, पण १८५७ मध्ये त्यांचे निधन झाले. अकरा वर्षांच्या विल्यमवर घराचा भार आला. मालवाहू गाड्यांच्या तांड्यांबरोबर निरोप्या म्हणून तो काम करू लागला. पोनी एक्स्प्रेस या घोडेस्वार टपालसेवेत आपण होतो, असे तो पुढे सांगत असे. अनेक इतिहासकारांना मात्र ते पटत नाही. १८६४ मध्ये तो उत्तरेच्या बाजूने कॅन्सासच्या घोडदळात भरती झाला. युद्धानंतर, १८६६ मध्ये त्याने लुईझा फ्रेडरिची हिच्याशी लग्न केले.

‘बफेलो बिल’ हे नाव कसे पडले?

येथे ‘बफेलो’ म्हणजे म्हैस नव्हे, तर माळरानावरचा बायसन. कॅन्सास पॅसिफिक रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या मजुरांना मांस पुरवण्यासाठी १८६७-६८ मध्ये कोडीने शिकारीचे काम घेतले. पगार महिन्याला ५०० डॉलर. आपण ४,२८० बायसन मारले, असा त्याचा दावा होता. याच शिकारीतून टोपणनाव मिळाले. नंतर तो सैन्याचा वाटाड्या झाला आणि १८७२ मध्ये त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. तो रीतसर सैनिक नव्हता, या कारणाने १९१७ मध्ये ते रद्द झाले. १९८९ मध्ये पुन्हा बहाल झाले.

खरे कुठे संपते, नाटक कुठे सुरू होते?

नेड बंटलाइन या लेखकाने १८६९ मध्ये कोडीला नायक करून वृत्तपत्री कादंबरी लिहिली. अशा स्वस्त साहसकथांचे पुढे पेवच फुटले. डिसेंबर १८७२ मध्ये शिकागोच्या रंगमंचावर कोडी स्वतःचीच भूमिका करण्यासाठी उभा राहिला. आता हिवाळ्यात नाटक आणि उन्हाळ्यात सैन्य, असा क्रम सुरू झाला.

१८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत जनरल कस्टरची तुकडी मारली गेली. त्यानंतर तीन आठवड्यांनी वॉरबॉनेट ओढ्याजवळच्या चकमकीत कोडीने ‘यलो हेअर’ या शायान योद्ध्याला ठार करून त्याच्या डोक्याची कातडी सोलली. काही महिन्यांतच हा प्रसंग नाटकात आला. एका माणसाचा मृत्यू तिकीट लावून दाखवला गेला. त्याच वर्षी कोडीचा पाच वर्षांचा एकुलता मुलगा तापाने गेला होता.

काऊबॉय नायक कसा झाला?

तोवर काऊबॉयची प्रतिमा दांडगटाची होती. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी १८८१ मध्ये काँग्रेसला दिलेल्या संदेशात ॲरिझोनातील ‘काऊबॉय’ टोळ्यांचा उल्लेख सशस्त्र गुंड म्हणून केला होता. कोडीने मे १८८३ मध्ये ओमाहा येथे ‘वाइल्ड वेस्ट’ हा खुल्या मैदानातील खेळ सुरू केला आणि चित्र पालटले. टपालगाडीवर किंवा वसाहतवाल्याच्या झोपडीवर हल्ला होई. ऐन वेळी कोडी आणि त्याचे काऊबॉय धावून येत. त्याच्या खेळातील बक टेलर हा उंचापुरा टेक्सन ‘काऊबॉयांचा राजा’ म्हणून गाजला आणि १८८७ मध्ये कादंबरीचा नायक झाला.

त्याच वर्षी खेळ लंडनला गेला आणि राणी व्हिक्टोरियाने तो पाहिला. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात आवारात जागा मिळाली नाही, म्हणून कोडीने कुंपणाबाहेर तंबू ठोकून गर्दी खेचली. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. आणि इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी पश्चिमेची सरहद्द आता संपली, अशी मांडणी केली ती याच शहरात, याच वर्षी. सरहद्द संपली होती. तिचा खेळ जोरात चालला होता. त्यात वाकेरो होते, पण नायकपद गोऱ्या काऊबॉयकडेच राहिले.

मूळ रहिवाशांचे काय?

हा या कहाणीतला सर्वात अवघड भाग. लकोटांचे नेते सिटिंग बुल १८८५ मध्ये एक हंगाम आठवड्याला ५० डॉलरवर या खेळात होते. ज्यांची भूमी गेली, त्यांनाच रोज हल्लेखोर म्हणून हरावे लागे. तरीही राखीव वस्तीतील उपासमारीपेक्षा पगार, प्रवास आणि स्वतःची घोडेस्वारी व नृत्ये जपण्याची मुभा अनेकांना बरी वाटली. डिसेंबर १८९० मध्ये सिटिंग बुल यांना अटक करताना गोळ्या घातल्या गेल्या. दोन आठवड्यांनी वुंडेड नी येथे हत्याकांड झाले. पुढच्या वर्षी त्या संघर्षातील काही लकोटा कैद्यांना कोडीच्या खेळाबरोबर युरोपला पाठवण्यात आले.

उत्तरायुष्यात कोडीने मूळ रहिवाशांशी केलेले करार पाळावेत, बायसनच्या बेसुमार कत्तलीला आळा बसावा, स्त्रियांना मताधिकार व समान वेतन मिळावे, अशी भूमिका घेतली. नेमबाज ॲनी ओकली ही तर त्याच्या खेळाचे मोठे आकर्षण होती.

अखेर कशी झाली?

कोडीने कमावले खूप आणि गमावलेही. वायोमिंगमध्ये वसवलेले ‘कोडी’ शहर, सिंचनाच्या योजना, ॲरिझोनातील खाणी यांत पैसा गेला. १९१३ मध्ये कर्जापायी खेळाचे सामान डेन्व्हरमध्ये जप्त होऊन लिलावात निघाले. तरी उतारवयात तो इतरांच्या तंबूंत घोड्यावर बसत राहिला. १० जानेवारी १९१७ रोजी डेन्व्हरमध्ये बहिणीच्या घरी त्याचे निधन झाले. लुकआउट माउंटनवर त्याला पुरले गेले. पण त्याचा देह आपल्याकडे हवा होता, ही कोडी शहराची तक्रार नंतरही राहिली.

आज त्याचे महत्त्व काय?

हॉलीवूडच्या वेस्टर्नपटांना नायक, खलनायक आणि ऐन वेळची सुटका असा साचा बऱ्याच अंशी कोडीच्या मैदानातून मिळाला. पुढे सिगारेटच्या जाहिरातींपासून राष्ट्राध्यक्षांच्या छायाचित्रांपर्यंत ही टोपी दिसत राहिली. एकटा, निडर, कुणाचे न ऐकणारा, अशी ती ओळख. खरा काऊबॉय मात्र पगारी मजूर होता, टोळीने काम करत होता आणि अनेकदा गोराही नव्हता. म्हणूनच अमेरिकेत आज कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन काऊबॉयांचा इतिहास नव्याने मांडला जात आहे. बफेलो बिलच्या खेळात ज्यांना नायकाची जागा मिळाली नाही, ते आता इतिहासातली आपली जागा मागत आहेत.