साद आणि प्रतिसाद : रेव्हरंड नारायण वामन टिळक

कविवर्य नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. संस्कृत काव्य आणि संतवाङ्मय यांची त्यांना विलक्षण ओढ होती. स्वभाव मात्र अस्वस्थ होता. एका गावी, एका नोकरीत ते फार काळ रमत नसत. देवाचे खरे स्वरूप कोणते आणि जातिभेदाने दुभंगलेला समाज एक कसा होईल, हे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नसत.

१८९३ च्या सुमारास नोकरीसाठी ते नागपूरहून आगगाडीने राजनांदगाव संस्थानात निघाले. आजच्या छत्तीसगडमधील हे गाव रायपूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांची ओळख झाली. काव्यावर गप्पा रंगल्या, मग धर्माचा विषय निघाला. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने बायबलचा ‘नवा करार’ त्यांच्या हाती दिला आणि तो वाचण्याचे वचन घेतले.

प्रवासातील अशा भेटी माणूस सहसा विसरून जातो. टिळक विसरले नाहीत. प्रारंभी त्या पुस्तकाविषयी त्यांना आस्था वाटली नाही. तरी दिलेल्या वचनासाठी ते पेन्सिलीने खुणा करीत सावकाश वाचू लागले. येशूच्या गिरिप्रवचनापाशी येताच त्यांचे मन तेथेच खिळले. त्यांनी उतावळेपणाने निर्णय घेतला नाही. वाचन, मनन आणि प्रार्थना यांत बराच काळ गेला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या काळातील आपले दुःख त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे.

धर्म बदलला, तरी टिळकांनी मराठी संतांशी असलेले नाते तोडले नाही. तुकारामांच्या भक्तिमार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून त्यांनी अभंग व भजने रचून ख्रिस्ती उपासनेला मराठी रूप दिले. साध्या फुलात आणि मुलांच्या खेळातही त्यांना ईश्वराची खूण दिसे. ‘फुलामुलांचे कवी’ ही त्यांची ओळख त्यातूनच झाली. अहमदनगर येथील त्यांच्या घरात तरुण बालकवी ठोंबरे यांना मायेचा आश्रय मिळाला. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ मध्ये साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या भक्तांनाही स्थान होते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. देवाची साद कधी एखाद्या अनोळखी सहप्रवाशाच्या रूपानेही येते. ती ऐकून, पारखून टिळकांनी आयुष्यभर तिला उत्तर दिले.