लोहार जॉन डिअर

फर्स्ट इयरला आमच्या बॅचला वर्कशॉपमध्ये स्मिदी होती. शेडमध्ये अर्धवट अंधार, कोळशाचा धूर, डोळ्यांत पाणी! माझा जॉब भट्टीत जरा जास्त वेळ राहिला. बाहेर काढला तर फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या उडाल्या आणि टोकच जळून गेलं. शेडमध्ये लाइट कमी का, हे त्या दिवशी कळलं. तापलेल्या लोखंडाचा रंग नीट दिसावा म्हणून!

जॉन डिअर म्हटलं की आपल्याला हिरवा ट्रॅक्टर आठवतो. पण हा माणूस मुळात लोहार होता. त्याचा जन्म ७ फेब्रुवारी १८०४ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या रटलंडचा. वडील शिंपी. जॉन चार वर्षांचा असताना ते समुद्रमार्गे इंग्लंडला निघाले, ते परत आलेच नाहीत. आईने त्याला वाढवलं. १८२१ मध्ये, सतराव्या वर्षी, तो मिडलबरीच्या एका लोहाराकडे उमेदवारीला लागला.

तेव्हा भट्टीजवळ तापमान मोजायचं यंत्र कुठलं? सगळं डोळ्यांनी, कानांनी, नाकाने शिकायचं. लोखंड लाल झालं की वाकवायचं, पिवळं झालं की घाव घालायचे. गरम लोखंडावर हातोडा बद्द वाजतो. ते निवत गेलं की आवाज खणखणीत होतो, म्हणजे पुन्हा भट्टीत घाला. पाण्यात बुडवलं की चर्र आवाज. तापलेली नाल बसवताना घोड्याच्या खुराचा जळका वास. चार वर्षं हाच त्याचा अभ्यास!

पुढे त्याने स्वतःचं दुकान काढलं. त्याची गुळगुळीत पॉलिश केलेली फावडी आणि गवताचे काटे लोकांना फार आवडायचे. पण ज्या आगीवर पोट होतं, तिनेच घात केला. दुकान दोनदा जळालं. डोक्यावर कर्ज झालं. १८३६ मध्ये, ३२ व्या वर्षी, बायकामुलांना मागे ठेवून तो एकटाच इलिनॉय राज्यातल्या ग्रँड डिटूर गावी गेला. तिथे लोहार नव्हता, त्यामुळे आल्या आल्या भाता सुरू झाला.

गिऱ्हाइकांची एकच तक्रार होती. तिथली माती आपल्या काळ्या मातीसारखीच, ओली झाली की चिकट. ओतीव लोखंडाच्या खरबरीत नांगराला ती चिकटून बसायची. दर थोड्या पावलांवर थांबायचं आणि खरवडायचं. काही जण तर शेत सोडून परत जायच्या विचारात होते.

१८३७ मध्ये एका लाकडाच्या गिरणीत जॉनला करवतीचं तुटलेलं पोलादी पातं मिळालं. लाकूड कापून कापून ते चकचकीत झालेलं. त्याने त्याचे दात छिन्नीने उडवले, पातं तापवून वाकवलं आणि नांगराला बसवलं. माती चिकटेना! उलट नांगर चालताना मातीच त्याला घासून आणखी चकचकीत करायची. चालताना त्याचा गुणगुणल्यासारखा आवाज यायचा, म्हणून लोक त्याला गाणारा नांगर म्हणू लागले.

पोलाद वापरायची कल्पना एकट्या जॉनची नव्हती. १८३३ मध्ये जॉन लेन या दुसऱ्या लोहारानेही पोलादी पट्ट्यांचा नांगर केला होता. पण जॉन डिअर तिथेच थांबला नाही. ऑर्डरची वाट न बघता तो नांगर आधी तयार करून गावोगाव विकायला न्यायचा आणि त्यात सुधारणा करत राहायचा. १८४२ मध्ये त्याने साधारण १०० नांगर केले. १८४८ मध्ये तो मिसिसिपी नदीकाठच्या मोलीनला गेला. तिथे मोठा कारखाना झाला. १७ मे १८८६ रोजी तिथेच तो वारला.

आज त्याच्या नावाच्या कंपनीचे ट्रॅक्टर पुण्याजवळ सणसवाडीलाही बनतात. मला मात्र आता तो हिरवा ट्रॅक्टर दिसला की अंधारात लोखंडाचा रंग बघत उभा असलेला, कर्जात बुडालेला ३२ वर्षांचा लोहार आठवतो. एका केटीने खचणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याला जरूर आठवावं. आणि हो, ज्युनियर्सनो, स्मिदीत जॉबकडे लक्ष ठेवा. पिवळा झाला की लगेच बाहेर काढा!