श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर

आषाढी वारीसाठी श्रीक्षेत्र आळंदीहून पंढरपुरास निघणाऱ्या श्री ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्यास शिस्तबद्ध रूप दिले ते श्रीगुरू हैबतबाबांनी.

सातारा जिल्ह्यातील आरफळ हे बाबांचे गाव. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी ते सरदार होते. गावी परतत असता सातपुड्याच्या रानात लुटारूंनी त्यांना कोंडून ठेवले. तेथे अखंड हरिपाठ केल्याने त्यांची सुटका झाली, असे परंपरेत सांगतात. घरची वाट सोडून बाबा आळंदीस आले ते कायमचेच.

पालखीची प्रथा जुनीच होती. संत तुकाराम महाराजांचे सुपुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका देहूहून आळंदीस आणून, ज्ञानोबांच्या पादुकांसह एकाच पालखीतून पंढरीस नेण्यास प्रारंभ केला. पुढे देहूकर मंडळींत मानाच्या हक्कावरून वाद वाढले. वादात पडून हक्क सांगण्यापेक्षा बाबांनी १८३२ च्या सुमारास माऊलींची पालखी स्वतंत्र काढली. बेळगाव भागातील अंकलीच्या शितोळे सरकारांनी अश्व, तंबू व नैवेद्याची सेवा पत्करली. माऊलींचे अश्व आजही अंकलीहूनच येतात.

सरदारकी सुटली, तरी लष्करी शिस्त बाबांनी माऊलींच्या चरणी वाहिली. दिंड्यांचा क्रम ठरला, कूच आणि मुक्काम ठरले. या शिस्तीचे खरे दर्शन सायंकाळच्या समाज आरतीत घडते. चोपदाराने चोप उंचावताच हजारो टाळ-मृदंग क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तेथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात, हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात आणि मगच आरती होते. एवढ्या मोठ्या समुदायात लहानातल्या लहान दिंडीचेही ऐकले जावे, ही सोय विशेष म्हटली पाहिजे.

समाधी मंदिराच्या महाद्वारातील पायरी हैबतबाबांच्या नावाने ओळखली जाते. दर्शनास येणाऱ्या भक्तांची पायधूळ नित्य लाभावी म्हणून बाबांनी ही जागा मागितली, अशी श्रद्धा आहे. कार्तिक वद्य अष्टमीस या पायरीचे पूजन झाल्यावरच माऊलींच्या संजीवन समाधी सोहळ्यास आरंभ होतो. एरवीही वारकरी प्रथम या पायरीस हात लावून नमस्कार करतात आणि मग आत जातात.