फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई आणि रुग्णाशीं संभाषण

घरांत कोणी फार आजारी पडलें म्हणजे दाराबाहेर कुजबुज सुरू होते. डॉक्टर काय म्हणाले, कोणास बोलावून घ्यावें, हें सारें रुग्णाच्या कानीं पडूं नये म्हणून दबल्या आवाजांत चालतें. आणि आंत पडलेला रुग्ण एकेक अर्धामुर्धा शब्द टिपण्यासाठीं कान टवकारून राहतो व थकून जातो. हा प्रकार निव्वळ क्रूरपणाचा आहे, असें दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वीं ज्या बाईंनीं स्पष्टपणें लिहून ठेविलें, त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों. हातीं दिवा घेतलेलें त्यांचें चित्र आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिलें आहे. त्या दिव्यापेक्षां त्यांच्या बोलण्याकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असा आमचा हेतु आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचा जन्म ता. १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला, व त्या शहराचेंच नांव त्यांस मिळालें. घराणें इंग्रज व सधन होतें. वडील विद्याव्यासंगी, त्यांनीं दोन्ही मुलींस ग्रीक, लॅटिन, इतिहास वगैरे विषय स्वतः शिकविले. ईश्वर आपणांस सेवेस बोलावीत आहे अशी जाणीव फ्लॉरेन्स ह्यांस १८३७ सालीं झाली. परंतु रुग्णसेवा शिकण्याची इच्छा त्यांनीं बोलून दाखवितांच घरांत आकांत झाला. ह्यांत केवळ आईबापांनाच दोष देणें बरोबर होणार नाहीं. इस्पितळांत काम करणाऱ्या स्त्रिया अडाणी व व्यसनी असतात, अशीच त्या काळीं सार्वत्रिक समजूत होती. मुलीनें कोणता व्यवसाय पत्करावा ह्यावर ज्या घरांत वाद झाला असेल, तेथील वडीलधाऱ्यांस ही कथा परकी वाटणार नाहीं. अखेर १८५१ सालीं जर्मनींतील कायझर्सवर्थ येथें पाळक फ्लीडनर ह्यांनीं चालविलेल्या संस्थेंत त्या सुमारें तीन महिने शिकल्या, आणि १८५३ सालीं लंडनमधील स्त्रियांच्या एका लहानशा रुग्णालयाच्या अधीक्षक झाल्या.

पुढील वर्षीं इंग्लंड क्रिमियाच्या युद्धांत उतरलें. मंत्री सिडनी हर्बर्ट ह्यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिका घेऊन त्या ता. ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत पोहोंचल्या. लष्करी डॉक्टरांना ह्या बायका नकोशा होत्या. बाईंनीं वाद घातला नाहीं. डॉक्टर बोलावीपर्यंत आपल्या परिचारिकांस त्यांनीं थांबवून धरिलें. लौकरच जखमींची अशी रीघ लागली कीं, बोलावणें येणें भागच पडलें. दिवसभर स्वच्छता, अन्न व कपडे ह्यांची व्यवस्था आणि रात्रीं कंदील घेऊन खाटांच्या लांबच लांब रांगांतून फेरी, असा त्यांचा क्रम असे. शस्त्रक्रियेस भ्यालेल्या शिपायाजवळ त्या उभ्या राहत, मरणाऱ्याजवळ बसत, आणि तो गेल्यावर त्याच्या आईला किंवा पत्नीला स्वहस्तें पत्र लिहून कळवीत. शिपायांना वाचनाची खोली मिळावी व पगार घरीं पाठवितां यावा, ह्यासाठींही त्यांनीं खटपट केली.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. गोड शब्दांनीं तुंबलेलीं गटारें साफ होत नाहींत. १८५५ च्या फेब्रुवारींत त्या इस्पितळांत शंभर रुग्णांपैकीं सुमारें ४२ दगावत होते. मार्चमध्यें इंग्लंडहून आलेल्या आरोग्य-आयोगानें गटारें उपसून हवा खेळती केल्यावर जूनपर्यंत तें प्रमाण दोनांवर आलें. बाईंना हें सत्य युद्धानंतर आंकडे तपासतांना पुरतें उमगलें, व त्यांनीं तें दडविलें नाहीं. पुढील सर्व आयुष्य त्या आरोग्यव्यवस्थेसाठीं झगडल्या.

क्रिमियांतच त्यांना कडक तापानें गांठलें, आणि १८५७ पासून त्या स्वतः वर्षानुवर्षें अंथरुणास खिळून राहिल्या. रुग्णाजवळ बसणारीचा अनुभव त्यांस होताच. आतां पडून राहणाऱ्याचाही आला. १८५९ सालचें त्यांचें नोट्स ऑन नर्सिंग हें पुस्तक वाचतांना ह्या दुहेरी अनुभवाची आठवण आम्हांस वारंवार होते. रुग्णाशीं बोलावयाचें असल्यास त्याच्या दृष्टीसमोर बसावें, म्हणजे त्याला मान वळवावी लागणार नाहीं. पाठीमागून, दारांतून किंवा चालतां चालतां बोलूं नये. त्याच्या खाटेला टेकूं नये, असें त्या बजावतात. बाहेर जातांना आपण केव्हां परत येऊं हें त्याला सांगून जावें. कारण अनिश्चितता आणि वाट पाहणें ह्यांनीं त्याला श्रमांहून अधिक अपाय होतो. झोप बरी लागली का, असें मोघम विचारून कांहीं कळत नाहीं. एक रुग्ण दहा तास झोप न मिळाल्यास रात्र वाईट गेली म्हणेल, तर दुसरा अधूनमधून डुलकी लागली तरी रात्र वाईट गेली असें म्हणणार नाहीं. म्हणून किती तास व कोणत्या वेळीं झोप लागली, हेंच विचारावें.

परंतु त्यांचा खरा रोष आहे तो पोकळ धीर देणाऱ्यांवर. भेटीस येणारा हंसतमुखानें सांगतो कीं, तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं, आठ दिवसांत हिंडूं लागाल. रुग्ण आपली अवस्था जाणून असतो. आपली भीति बोलून दाखवावी असें त्याच्या मनांत असतें; पण समोरच्यानें विषयच मिटविल्यामुळें तो गप्प बसतो, आणि माणसांनीं भरलेल्या खोलींत एकटा पडतो. हें वाचतांना आम्हांस ईयोबाचे मित्र आठवले. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ मुकाट्यानें जमिनीवर बसले, तोंवर ते चांगले मित्र होते. बिघडलें तें तोंड उघडल्यावर! बाईंनीं मात्र केवळ मौन सांगितलेलें नाहीं. बाहेरच्या जगांत कांहीं चांगलें घडलें असेल, तर तें रुग्णास अवश्य सांगावें. तान्ह्या मुलाची किंवा एखाद्या पाळीव प्राण्याची संगत त्याला लाभूं द्यावी, असें त्यांचें मत होतें.

१८६० सालीं लोकांनीं जमविलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत त्यांची परिचारिका-शाळा सुरू झाली. हिंदुस्थानांत त्या कधींही आल्या नाहींत, तरी येथील आरोग्याचा प्रश्न त्यांनीं अनेक वर्षें हातीं धरिला होता; पुण्याच्या सार्वजनिक सभेशींही त्यांचा पत्रव्यवहार होता. १९०७ सालीं त्यांस ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. ता. १३ ऑगस्ट १९१० रोजीं वयाच्या नव्वदाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. थोरामोठ्यांच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें दफन करण्याची सूचना आप्तांनीं नाकारिली, आणि हॅम्पशर परगण्यांतील ईस्ट वेलो ह्या खेड्याच्या मंदिराशेजारीं कुटुंबाच्या जागेंत त्यांस मूठमाती दिली. तेथील दगडावर त्यांच्यापुरतीं दोन आद्याक्षरें आणि जन्ममृत्यूच्या तारखा एवढेंच कोरलेलें आहे.